रक्त थांबलं की खरी काळजी सुरू

घरात कुत्र्यांची जोडी, एक नर आणि एक मादी, दोघांचीही नसबंदी झालेली नाही, आणि मादी हीटवर म्हणजे माजावर आली, की पहिले आठ-दहा दिवस कडक पहारा असतो. फरशीवर रक्ताचे थेंब दिसत असतात, त्यामुळे कुणी विसरत नाही. मग थेंब कमी होतात, रंग फिकट होतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘झालं आता, सोड त्याला बाहेर.’ नेमकी हीच वेळ सर्वांत धोक्याची असते.

या चुकीचं मूळ सरळ आहे. कुत्रीचं रक्त आपण बाईच्या पाळीसारखं धरतो. बाईच्या शरीरात बीज आधी सुटतं आणि गर्भ राहिला नाही म्हणून साधारण दोन आठवड्यांनी गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. कुत्रीत क्रम उलटा आहे. आधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, अस्तर फुगतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरतं, आणि बीजं सुटतात ती त्यानंतर. इस्ट्रोजेन उतरून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चढू लागलं की स्राव गुलाबीसर किंवा फिकट पिवळसर होतो. आठवडाभर नरावर गुरगुरणारी मादी आता त्याच्यासमोर उभी राहते, शेपूट एका बाजूला घेते. रक्त हे तयारीचं लक्षण होतं, ती तयारी आता पूर्ण झालेली असते. काही माद्यांना शेवटपर्यंत लालच स्राव येतो आणि काहींना इतका कमी, की घरच्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून नुसत्या रंगावरही विसंबून चालत नाही.

दिवस मोजूनही फारसं साधत नाही. रक्ताचा पहिला टप्पा सरासरी ९ दिवसांचा असतो, पण तो ३ दिवसांत उरकू शकतो किंवा १७ दिवस चालू शकतो. मादी नराला जवळ येऊ देते तो दुसरा टप्पाही सरासरी ९ दिवसांचा, आणि त्याची व्याप्ती ३ ते २१ दिवस. ‘अकराव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत सांभाळा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण आपली मादी त्या सरासरीत बसेल याची कसलीही हमी नाही.

त्यात कुत्र्यांच्या बीजाची गंमत अशी, की ते कच्चं बाहेर पडतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची एकदम उसळी येते, तिच्यानंतर साधारण दोन दिवसांनी बीजं सुटतात आणि पुढचे दोन-तीन दिवस बीजवाहिनीत पिकतात. त्यानंतर कुठे त्यांचं फलन होऊ शकतं. याउलट नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात आठवडाभरसुद्धा तग धरतात. म्हणजे बीज तयार होण्याआधीच झालेला समागमही वाया जात नाही, शुक्राणू वाट पाहत थांबतात. दोन वेगवेगळ्या नरांशी समागम झाला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, तीही याच कारणामुळे.

नक्की कुठला टप्पा चालू आहे हे डॉक्टरांना दोन मार्गांनी कळतं. एक म्हणजे योनीतल्या पेशींचा स्मिअर. कापसाच्या बोळ्याने पेशी घेऊन काचेच्या पट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुरुवातीला पेशी लहान, गोल, ठसठशीत केंद्रकाच्या दिसतात आणि आजूबाजूला पुष्कळ लाल रक्तपेशी असतात. इस्ट्रोजेनचा अंमल वाढत जातो तशा त्याच पेशी पातळ पोह्यांसारख्या चपट्या होतात, कडा वाकड्यातिकड्या, केंद्रक आक्रसलेलं किंवा नाहीसंच झालेलं. सगळी पट्टी अशा पेशींनी भरली की मादी माजाच्या भरात आहे. हा भर ओसरला की एक-दोन दिवसांत गोल पेशी पुन्हा दिसू लागतात, पांढऱ्या पेशीही येतात, आणि सुपीक काळ संपल्याचं कळतं. दुसरा मार्ग रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनचा. एका मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या आसपास एलएचची उसळी असते, ५ च्या आसपास बीजं सुटतात. ही तपासणी सहसा पिल्लं हवी असणारे करून घेतात. पण ज्यांना पिल्लं नको आहेत आणि दोघांना एकाच छपराखाली ठेवण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही, त्यांनी निदान शेवटी एकदा स्मिअर बघून मगच दार उघडावं असं माझं ठाम मत आहे. ते शक्य नसेल तर पहिल्या थेंबापासून निदान पूर्ण चार आठवडे धरा.

आता नराकडे बघू. टाळूच्या पुढच्या भागाच्या वर, नाकपोकळीच्या तळाशी त्याला वास घेणारं एक वेगळं इंद्रिय असतं, जेकबसनचं इंद्रिय. मादीची लघवी चाटून तो दात कटकटवतो, तोंडाला फेस येतो, तेव्हा तो त्या वासातले रेणू या इंद्रियापर्यंत पोचवत असतो. १९७९ साली हीटवरच्या मादीच्या स्रावात नराला उद्युक्त करणारा एक विशिष्ट पदार्थ सापडल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं होतं, पण नंतरच्या अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला नाही. एकाच रेणूवर सगळं अवलंबून असेल असं आता वाटत नाही. म्हणूनच शेपटीला बाम चोळणं, अंगावर अत्तर मारणं असल्या उपायांनी नर फसत नाही. उलट मादी ते चाटते आणि तिच्या पोटात जातं.

बंद दाराच्या फटीला नाक लावून रात्रभर रडणारा, दोन-दोन दिवस ताटलीला तोंड न लावणारा नर हट्टी नसतो. त्याला ओरडू नका, मारू तर मुळीच नका. आणि ‘ती त्याची सख्खी बहीण आहे, तो काही करणार नाही’ हा विश्वास मनातून काढून टाका. कुत्र्यांना असली नाती अडवत नाहीत. बहीण-भाऊ, आई-मुलगा, कुणाचाही समागम होतो.

मुंबईतल्या वन-बीएचकेमध्ये दोघांना वेगळं ठेवायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. यावर सर्वांत चांगला उपाय एकच, दोघांपैकी एकाला महिनाभर बाहेर ठेवणं. शक्यतो नराला. मादीला पाठवलं तरी तिचा वास घरात राहतो, आणि हीटवरची मादी ठेवून घ्यायला बरीच बोर्डिंग तयार नसतात. ठाण्याला मावशीकडे, बोरिवलीला आजोळी, जिथे दुसरी मादी नाही अशा घरी नर महिनाभर राहिला तर दोघांचेही हाल वाचतात. ते जमणार नसेल तर दोघांमध्ये एक नाही, दोन बंद दारं हवीत. बेल वाजली आणि कुणी बेडरूमचं दार उघडलं तर मधलं दुसरं दार लागलेलं असायला हवं. जाळी किंवा सेफ्टी डोअरचे गज पुरत नाहीत, गजांतूनही समागम झालेले आहेत. डायपर फरशी वाचवतो, मादीला वाचवत नाही. नर तो ओढून काढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट हवेत डायपर तासन्‌तास बांधून ठेवला तर कातडी लाल होते, पुरळ येतं, म्हणून दिवसातून बऱ्याचदा काढून जागा कोरडी करा.

मादीला खाली नेताना पट्टा हातातून सुटता कामा नये. लहान जातीची असेल तर लिफ्टपासून गेटपर्यंत उचलून न्या, म्हणजे जिन्यात आणि गेटपाशी वासाची रेघ उमटत नाही. शिवाजी पार्क किंवा वर्सोव्याचा किनारा हे चार आठवडे विसरा. घरच्या कुत्र्या वर्षात कुठल्याही महिन्यात, साधारण सहा-सात महिन्यांनी, हीटवर येतात. रस्त्यावरच्यांचा हंगाम मात्र भाद्रपदाच्या आसपास जोरात असतो, आणि तेव्हा एका मादीमागे चार-पाच नर गेटवर जमणं ठरलेलं. त्यांतल्या ज्यांच्या कानाला खाच आहे त्यांची नसबंदी झालेली असते. २००१ च्या आणि आता २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली महापालिका संस्थांमार्फत ती करून घेते.

इतकं करूनही दोघं अडकलेली सापडली तर ओढू नका, पाणी ओतू नका. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेली गाठ आत फुगलेली असते आणि पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत तशीच राहते. जोर लावला तर दोघांनाही इजा होते. शांतपणे जवळ बसा, मादीचं डोकं धरा, सुटू द्या. मग एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. गर्भ राहू नये म्हणून पूर्वी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन सर्रास देत. त्याने गर्भाशयात पू होण्याचा आणि हाडांतली रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबली जाण्याचा धोका असतो, तेव्हा कुणी ते सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. माणसांच्या गोळ्या तर देऊच नका. हीट येऊच नये म्हणून देतात त्या प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शनांनीही गर्भाशयाचे आजार आणि स्तनांच्या गाठी वाढतात.

हीट सुखरूप पार पडली तरी दोन महिने लक्ष ठेवावं लागतं. कुत्रीच्या शरीरात गर्भ राहो वा न राहो, प्रोजेस्टेरॉन जवळपास तितकेच दिवस चढलेलं राहतं. काही माद्या म्हणूनच खोट्या गरोदर होतात, दूध येतं, चपला-खेळणी कुशीत घेऊन बसतात. हे बहुधा आपोआप ओसरतं. गर्भाशयात पू होणं, पायोमेट्रा, हे मात्र जीवघेणं आहे. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी सांगतात की नसबंदी न झालेल्या पाचातल्या किंवा चारातल्या एका मादीला दहा वर्षांची होईपर्यंत ते होतं. हीटनंतर महिना-दोन महिन्यांत मादी एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, घाण वासाचा स्राव आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. गर्भाशयाचं मुख बंद असेल तर स्राव दिसतही नाही, आणि तो प्रकार जास्त घातक असतो.

पिल्लं नको असतील तर मादीची शस्त्रक्रिया हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करून घ्या. हीट चालू असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. नराची नसबंदी आधी होणार असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशीच तो निर्धोक होत नाही. नलिकांत उरलेल्या शुक्राणूंमुळे पुढचे काही आठवडे तो बाप होऊ शकतो. तेव्हा मादीच्या पुढच्या हीटच्या निदान दोन महिने आधीची तारीख घ्या.