जन्मवेळेची अचूकता (फलज्योतिष)

नोंदवलेली जन्मवेळ प्रत्यक्ष जन्मक्षणाच्या किती जवळ आहे, यावर कुंडलीतला बराचसा भाग अवलंबून असतो. चंद्र सोडला तर ग्रहांच्या जागा तासाभरात नावापुरत्या सरकतात. भराभर बदलते ते लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश पुढे जाते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मीन लग्न दीड तासाहून थोडे अधिक टिकते, तर कर्क लग्न सव्वादोन तासांच्या आसपास. त्यामुळे दहा मिनिटांची चूक राशीच्या मध्यावर खपून जाते, पण राशीच्या सांध्यावर तीच चूक बाराही भाव (कुंडलीतली घरे) बदलते.

राशीचे छोटे भाग पाडून मांडलेल्या वर्गकुंडल्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा (६० कलांचा एक अंश) असल्याने लग्नाचा नवमांश साधारण तेरा मिनिटांत बदलतो. षष्ट्यंश, म्हणजे राशीचा साठावा भाग, अर्ध्या अंशाचा, म्हणून दोन मिनिटांचा. आयुष्याचे ग्रहवार कालखंड (महादशा) पाडणारी विंशोत्तरी दशा चंद्राच्या नक्षत्रातील स्थानावरून निघते, म्हणून ती तुलनेने स्थिर असते. तरी शुक्राच्या वीस वर्षांच्या महादशेत वेळेतल्या एका मिनिटाच्या फरकाने दशेची तारीख सुमारे पाच दिवस सरकते आणि एका तासाच्या फरकाने जवळजवळ दहा महिने.

मुळात जन्मक्षण कोणता, यावरच एकमत नाही. कोणी डोके दिसण्याचा क्षण धरतात, कोणी पूर्ण शरीर बाहेर येण्याचा, कोणी पहिल्या रडण्याचा, तर कोणी नाळ कापण्याचा. अवघड बाळंतपणात या क्षणांमध्ये काही मिनिटांचे अंतर सहज पडते.

जुन्या काळी घटिकापात्रावरून सूर्योदयापासूनचा इष्टकाल मोजत. तळाशी भोक असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यात बुडायला २४ मिनिटे, म्हणजे एक घटिका लागे. साठ पळांची ही घटिका घरोघरी मोजली जात नव्हती. सुईण आणि घरातल्या बायकांच्या आठवणीत वेळ राही ती ‘दिवेलागणीला’ किंवा ‘कोंबडा आरवला तेव्हा’ अशी. घड्याळ आल्यावरही सांगणे सव्वा, साडे, पावणेच्या हिशेबातच राहिले. म्हणून ‘पावणेसहा’ ही वेळ मोजलेली आहे की जवळच्या पाव तासाला आणून बसवलेली, हे पत्रिका करणाऱ्याने आधी विचारायला हवे. मध्यरात्रीनंतरच्या जन्मात आणखी एक घोळ होतो: पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख रात्री बारा वाजता, त्यामुळे एकाच रात्रीच्या जन्माला घरात दोन दिवस सांगितले जातात.

दवाखान्यातली नोंद आठवणीपेक्षा भरवशाची असते, पण तीही प्रसूतीची धावपळ ओसरल्यावर लिहिलेली असू शकते. महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. म्हणून दवाखान्याचे कागद हरवले की मूळ पुरावाच जातो. स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत १८५५ पासून वेळ लिहिली जाते, तर इंग्लंड-वेल्समध्ये ती सहसा जुळ्या-तिळ्यांसाठीच लिहितात.

भारतातल्या जुन्या पत्रिकांत सर्वांत मोठी चूक घड्याळ कोणते धरले यातून येते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली, पण मुंबईत ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढची ‘मुंबई वेळ’ काही ठिकाणी १९५५ पर्यंत चालू होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे, म्हणजे लग्नाच्या जवळपास दहा अंशांचा फरक. शिवाय दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभरची घड्याळे एक तास पुढे होती. १९४३ सालच्या जन्माच्या टिपणात हा तास आधीच वजा केला आहे की नाही, हे न पाहता मांडलेली कुंडली बहुधा शेजारच्या राशीचे लग्न दाखवते किंवा सांध्यावर येते. त्यातच महाराष्ट्रातल्या टिळक पंचांगाचे अयनांश (वसंतसंपात आणि राशीचक्राचा आरंभ यांतले अंतर) इतर पंचांगांत रूढ असलेल्या लाहिरी अयनांशांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आहेत. म्हणजे वेळ तंतोतंत असली तरी दोन पंचांगांत लग्न पंधरा-सोळा मिनिटांच्या फरकाइतके वेगळे येते. संगणकावर कुंडली विकलांपर्यंत छापून मिळते, पण तो नेमकेपणा गणिताचा आहे, नोंदीचा नाही.

वेळ संशयास्पद असली तर ज्योतिषी ‘जन्मवेळ शुद्धी’ करतात: विवाह, अपत्यजन्म, अपघात, नोकरी अशा घडून गेलेल्या घटनांशी जुळेपर्यंत वेळ मागेपुढे करतात. ही पद्धत सदोष आहे. ज्या घटनांवर कुंडली बेतली, त्याच घटना कुंडलीत दिसल्या म्हणून ती खरी ठरत नाही. शुद्ध केलेली वेळ पुढे मूळ वेळ म्हणून फिरू लागते, हा त्याहून मोठा तोटा. अमेरिकी ज्योतिषी लोइस रॉडेन यांनी वेळेच्या उगमानुसार श्रेणी लावण्याची पद्धत रूढ केली: जन्मनोंदीतील वेळेला ‘एए’, आठवणीतून सांगितलेलीला ‘ए’, चरित्रग्रंथातून घेतलेलीला ‘बी’, परस्परविरोधी वेळांना ‘डीडी’. मराठी पत्रिकांतही वेळेशेजारी तिचा उगम लिहिण्याची प्रथा पडायला हवी.

संशोधनातही हाच प्रश्न येतो. फ्रान्सचे संशोधक मिशेल गोकलँ यांनी १९५५ पासून सरकारी जन्मनोंदींवरून मंगळ आणि नामवंत खेळाडू यांचा संबंध मांडला. त्यावर ज्योतिषाचे टीकाकार जेफ्री डीन यांनी शंका घेतली, की काही पालकांनी शुभ मानली जाणारी वेळ नोंदवली असेल.