परदेशातून कॉम्प्युटरचं सामान मागवताय? आधी ते कोणत्या वाटेने आणायचं ते ठरवा

अमेरिकेतल्या साइटवर ६०० डॉलरला दिसणारं ग्राफिक्स कार्ड इथे कितीला पडेल? डॉलरच्या भावाने गुणून आलेला आकडा फसवा असतो. कार्ड तेच असलं तरी ते विमानातून तुमच्या बॅगेत आलं, कुरिअरने घरी आलं की धंद्याच्या नावाने आलं, यावर कर बदलतो. आधी वस्तू ठरवून मग करचौकशी करणारे बरेच असतात. खरं तर वाट आधी ठरवायला हवी.

हिशोब कसा होतो

कस्टम्स फक्त वस्तूच्या किमतीवर कर लावत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिला करपात्र मूल्य धरतात. विम्याचा खर्च कागदावर नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरला जातो. विमानाने येणाऱ्या मालाचं भाडं मात्र वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपलीकडे धरत नाहीत. डॉलरचा भावही बँकेचा किंवा गुगलवरचा नसतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ जाहीर करतं तोच भाव लागू होतो.

या मूल्यावर आधी मूळ सीमाशुल्क बसतं. जिथे सूट नाही तिथे त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावर लागणारा एकात्मिक जीएसटी. म्हणजे करावर कर.

आता चांगली बातमी. लॅपटॉप, डेस्कटॉप, कीबोर्ड, माउस हे कस्टम्सच्या दरयादीत ८४७१ या शीर्षकाखाली येतात आणि त्यांचे सुटे भाग, म्हणजे मदरबोर्डसारख्या गोष्टी, ८४७३ ३० खाली. या दोन्हींवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठीच्या जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला, त्याचा हा परिणाम. उरतो तो १८ टक्के आयजीएसटी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के होता, तोही सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला.

डॉलर ९० रुपये धरू. कार्डाचे ५४,०००, कुरिअरच्या ४० डॉलरचे ३,६००, विम्याचे ६०७.५०. करपात्र मूल्य ५८,२०७.५०. त्यावर १८ टक्के म्हणजे १०,४७७ रुपये. कार्ड पडलं सुमारे ६८,६८५ ला. हा झाला वस्तूच्या स्वतःच्या कोडचा हिशोब. घरी वापरायला म्हणून मागवलं तर तो असाच लागेल याची खात्री धरू नका.

कुरिअर किंवा पोस्टाने, स्वतःसाठी

वैयक्तिक वापरासाठी हवाईमार्गे किंवा पोस्टाने येणाऱ्या करपात्र वस्तूंसाठी ९८०४ असं वेगळंच शीर्षक आहे, आणि कुरिअर कंपन्या घरगुती पार्सलं बहुतेकदा त्यातच ढकलतात. तिथे वस्तू कॉम्प्युटरची आहे की चपलांची, याला फारसं महत्त्व उरत नाही. या शीर्षकावरचं मूळ शुल्क बरीच वर्षं ३५ टक्के होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते २० वर आलं आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात १० वर आणण्याची घोषणा झाली. वरच्याच कार्डावर १० टक्क्यांनी ५,८२१ रुपये मूळ शुल्क होतं, मग दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्क्यांनी ११,५२५ रुपये आयजीएसटी. एकूण १७,३४६ रुपये, अधिभार लागल्यास तो वेगळा. म्हणून पार्सल निघण्यापूर्वीच कुरिअर कंपनीला लेखी विचारा की बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं विवरणपत्र, कोणत्या कोडखाली भरणार. माल विमानतळावर आल्यावर वाद घालत बसलात तर साठवणुकीचं भाडं तुमच्याच माथी.

कागदपत्रं साधी आहेत: केवायसीसाठी आधार, पासपोर्ट यांसारखं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, विक्रेत्याचं इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा. वैयक्तिक वापरासाठी आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागत नाही. इन्व्हॉइसवर मॉडेल नंबर ठळक असू द्या. नुसतं ‘कॉम्प्युटर पार्ट’ लिहिलेलं पार्सल अडकण्याची शक्यता जास्त. कर कुरिअर कंपनी आधी भरते आणि तुमच्याकडून वसूल करते. त्यासाठी ती स्वतःची फी आणि त्या फीवर जीएसटी लावते. हा खर्च साइटवरच्या किमतीत दिसत नाही, तसंच क्रेडिट कार्डाच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही. पोस्टाने आलं तर मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी टपाल कार्यालयात तपासणी होते. किमतीबद्दल शंका आली तर इन्व्हॉइस मागवणारं पत्र येतं, नाहीतर ठरलेला कर पोस्टमन दारातच घेतो.

‘गिफ्ट म्हणून पाठव’ हा न्यू जर्सीच्या चुलतभावाला दिला जाणारा सल्ला आता विसरा. भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली. राख्या आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद. किंमत कमी दाखवायचा मार्ग त्याहून वाईट. कस्टम्सवाले त्याच साइटवर जाऊन किंमत बघतात, आणि माल जप्त करून दंड लावण्याचा अधिकार कायद्याने त्यांना आहे.

लॅपटॉप मागवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन, छोटे कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांची आयात निर्बंधित केली. ई-कॉमर्सवरून, पोस्ट किंवा कुरिअरने, असा एक लॅपटॉप किंवा टॅबलेट मागवायला परवानगीची गरज नाही, कर मात्र भरावा लागतो. दोन एकत्र मागवू नका.

बॅगेतून

सगळ्यात स्वस्त वाट हीच. १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमाफ आहे, आणि तो सर्वसाधारण सवलतीच्या बाहेर मोजतात. ती सवलत २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती. फेब्रुवारी २०२६ पासूनच्या नव्या नियमांत भारतात राहणाऱ्यांसाठी ७५,०००. ग्राफिक्स कार्ड, टॅबलेट, मॉनिटर हे या सवलतीत मोजले जातात, लॅपटॉपच्या माफीत नाहीत. आणि नवराबायकोच्या सवलती जोडून एकच दीड लाखाची वस्तू आणता येत नाही. मॉनिटरचं खोकं टीव्हीसारखं दिसतं, आणि टीव्हीला ही सवलतच नाही. त्यामुळे ‘कॉम्प्युटर मॉनिटर’ असा उल्लेख असलेली पावती हाताशी ठेवा. मर्यादा ओलांडली असेल तर रेड चॅनेलला, म्हणजे कर भरायचा असलेल्यांच्या रांगेत जा. ग्रीनमधून जाताना पकडलं गेलं तर चुकून झालं हे कोणी ऐकत नाही.

इथून महागडा लॅपटॉप किंवा कॅमेरा परदेशी नेत असाल तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, त्यावर सीरियल नंबर घालून. परत येताना तीच वस्तू नवी समजून कर मागायचा प्रश्न मिटतो.

धंद्यासाठी

पुण्यात डिझाइन स्टुडिओ चालवणाऱ्याला तेच कार्ड सर्वात फायद्याचं पडतं. आयईसी काढा, तो पॅनवर आधारित असतो, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर ५०० रुपये भरून ऑनलाइन मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान तपशील अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक, बंदरावर किंवा विमानतळावर नोंदवा. बिल ऑफ एंट्रीत जीएसटी क्रमांक आलाच पाहिजे, नाहीतर आयजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर पुढच्या जीएसटीतून वजा करायची सोय, मिळत नाही. मूळ सीमाशुल्काचं क्रेडिट कधीच मिळत नाही, पण इथे ते शून्यच आहे. घरच्या गेमिंगसाठी आणलेल्या कार्डावर मात्र क्रेडिट घेऊ नका.

मोठा माल न्हावा शेवा किंवा सहारला उतरतो तेव्हा कस्टम हाऊस एजंट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल हे सगळं आलं. बिल ऑफ एंट्री समुद्रमार्गे माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, विमानाने येणाऱ्या मालासाठी आल्याच दिवसापर्यंत, भरली नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब शुल्क. लॅपटॉप, मॉनिटर, अडॅप्टर विकण्यासाठी आणायचे तर बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीही लागते.

जुनं सामान

परदेशी साइटवर वापरलेले लॅपटॉप स्वस्त मिळतात, म्हणून मोह होतो. पण वापरलेले डेस्कटॉप आणि लॅपटॉप निर्बंधित यादीत आहेत. महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी आणता येत नाहीत. ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द इन्व्हॉइसवर असला की तपासणी ठरलेलीच.

वॉरंटीत बदलून येणारी वस्तू फुकट असली तरी कस्टम्सच्या लेखी तिला किंमत असते आणि कर लागतो. त्याऐवजी वस्तू दुरुस्तीसाठी पाठवून तीन वर्षांच्या आत परत आणली, तर दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं एवढ्यावरच शुल्क बसतं. त्यासाठी पाठवतानाच शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या विवरणपत्रावर, सीरियल नंबर नोंदवलेला हवा. परत आलेली वस्तू तीच आहे हे पुढे त्यावरूनच ठरतं.