‘इम्पेकेबल’ या शब्दामागचे पाप

‘तिचे इंग्रजी इम्पेकेबल आहे’ असे वाक्य आता मराठी बोलण्यातही सहज येते आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘बिनचूक’ एवढाच घेतो. या शब्दाच्या मुळाशी मात्र चुकीपेक्षा पाप अधिक आहे. लॅटिनमधील ‘पेक्कारे’ या क्रियापदाचा अर्थ आरंभी चुकणे, गैर वागणे असा व्यापक होता. ख्रिस्ती धर्मविचार लॅटिनमध्ये मांडला जाऊ लागला, तेव्हा पाप करण्याचा अर्थ त्याला कायमचा चिकटला. त्यालाच पुढे नकार आणि शक्यता दाखवणारे प्रत्यय लागून ‘इम्पेक्काबिलिस’ हे विशेषण तयार झाले. पाप न केलेला तो इम्पेक्काबिलिस नव्हे, तर ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही, तो.

हा भेद आज शब्दच्छल वाटेल, पण धर्मशास्त्रात तो जिवाचा प्रश्न होता. संत ऑगस्टीन (354–430) यांच्या मांडणीनुसार आदमाला पाप न करणे शक्य होते, तर स्वर्गस्थ आत्म्यांना पाप करणेच अशक्य असते. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तो याच भारदस्त अर्थाने. सतराव्या शतकात त्याला ‘निर्दोष’ हा ऐहिक अर्थ लाभला. जुना अर्थ तरीही पुसला गेला नाही. 1870 मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरावीक अटींवर पोपचा श्रद्धा व नीतीविषयक निर्णय प्रमादरहित मानला, त्या गुणाला इंग्रजीत ‘इन्फॅलिबिलिटी’ म्हणतात. पोप इम्पेकेबल असल्याचे परिषदेने म्हटलेले नाही. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, ती पापांची कबुली पोपलाही द्यावीच लागते.

याच धातूचे ‘पेक्कावी’, म्हणजे ‘मी पाप केले’, हे रूप आपल्या इतिहासातही डोकावून जाते. चार्ल्स नेपियर या ब्रिटिश सेनापतीने 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर एवढीच एकशब्दी तार धाडल्याची कथा सांगतात, कारण या अर्थाचे ‘आय हॅव सिन्ड’ हे इंग्रजी वाक्य ‘आय हॅव सिंध’, म्हणजे ‘मला सिंध मिळाला’, असेही ऐकू येते. प्रत्यक्षात ही कोटी कॅथरीन विंकवर्थ या तरुणीची; ती 1844 मध्ये ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात छापली गेली. सिंध पुढे 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता.

पापाचा संबंध सुटला तरी शब्दाचा कल माणसाच्या वागणुकीकडेच राहिला, असे मला वाटते. दहापट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखालीही ज्यात दोष दिसत नाही, त्या हिऱ्याला इंग्रजीत ‘फ्लॉलेस’ म्हणतात, इम्पेकेबल सहसा नाही. इम्पेकेबल असतात शिष्टाचार, पोशाख, अभिरुची, भाषा आणि कारकीर्द. म्हणून मराठीत दर वेळी ‘निर्दोष’ लिहिणे पुरत नाही, कारण त्या शब्दाला कोर्टातून सुटल्याचा वास येतो. चारित्र्यासाठी ‘निष्कलंक’ आणि हिशेबासाठी व व्यवहारासाठी ‘चोख’ हे शब्द अधिक शोभतात. ‘इम्पेकेबल टायमिंग’ मात्र इंग्रज पुष्कळदा उपरोधाने म्हणतो. पंगत उठून भांडी घासून झाल्यावर दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, ‘अगदी मुहूर्त साधून आलात!’