गर्भवतीची एचआयव्ही तपासणी: आधी माहिती देण्याच्या नियमाचा इतिहास

नाव नोंदवायला आलेल्या गर्भवतीला एचआयव्ही तपासणीची माहिती आधी द्यावी आणि मगच तिची संमती घ्यावी, या नियमाची मुळे भारतातील साथीच्या पहिल्या, भेदरलेल्या वर्षांत आहेत. १९८९ मध्ये गोव्यातील रक्तदाते डॉमिनिक डिसूझा यांना आपल्याला संसर्ग झाला आहे हे कुणी समजावून सांगण्याआधीच पोलिसांनी ताब्यात घेतले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे ठेवले. त्यांच्या आई ल्युसी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, परंतु न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली.

तेव्हा आईकडून होणाऱ्या संसर्गापासून बाळाला वाचवणारे औषधच नव्हते. झिडोव्हुडिन या विषाणूरोधक औषधामुळे मातेकडून बाळाला होणारा संसर्ग सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत उतरतो, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने प्रसूतीवेळी मातेला आणि जन्मानंतर बाळाला नेविरापिनची एकेक मात्रा देण्याचा स्वस्त मार्ग दाखवला. मात्र भारतात १९९८ पासून साथीच्या मोजणीसाठी गर्भवतींचे सिफिलिस या लैंगिक आजाराच्या तपासणीतून उरलेले रक्त नाव पुसून तपासले जात होते, आणि कुणाचे रक्त बाधित निघाले हे त्या स्त्रीला कळण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती. मोजणीला ती पुरेशी होती. औषध हाती आल्यावर प्रत्येक स्त्रीशी बोलणे अपरिहार्य झाले, आणि पुढे आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात समुपदेशकाला मध्यवर्ती स्थान मिळाले ते योग्यच होते.

नवजात बाळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आईची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे जन्मतःच बाळाची प्रतिपिंड चाचणी केली, तर प्रत्यक्षात आईचीच तपासणी होते, तीही तिला न विचारता. म्हणून बाळाच्या सहाव्या आठवड्यापासून वाळवलेल्या रक्तठिपक्यावर थेट विषाणूचा शोध घेतात, आणि हे आईला आधी समजावणे आवश्यक ठरते. घरात पहिली तपासणी बहुधा गर्भवतीचीच होते व दोषही तिच्याच माथी मारला जातो. म्हणून पतीच्या तपासणीचा विषय याच संवादात निघायला हवा.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तपासणीपूर्वीचे आणि नंतरचे समुपदेशन हा संमतीचाच भाग ठरवला. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतील तपासणी, रक्त वा अवयवांचा वापर आणि निनावी सर्वेक्षण एवढेच अपवाद त्यात आहेत. गर्भारपणाचा समावेश त्यांत नाही.