रेट्रोग्रेड फिलिंग

रूट कॅनल करूनही दाताच्या मुळाशी पू धरत राहिला, तर हिरडी उघडून मुळाचे टोक कापतात आणि तिथूनच, उलट दिशेने, मुळातल्या नळीचे तोंड बंद करतात. हे रेट्रोग्रेड फिलिंग. टोक कापण्याच्या शस्त्रक्रियेला एपिकोएक्टॉमी म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती नुसती ‘एपिको’. शक्य तिथे आधी रूट कॅनल पुन्हा करून पाहतात. पण आत पोस्ट (दाताला आधार देणारी कांडी) बसवलेली असेल किंवा नळीत फाइलचा, म्हणजे नळी साफ करायच्या बारीक हत्याराचा, तुकडा अडकला असेल, तर मुळाकडूनच शिरावे लागते.

टोकाचा सुमारे ३ मिमी भाग कापतात, कारण मुख्य नळीला फुटणारे बहुतेक बारीक फाटे तिथेच असतात. पूर्वी हा काप ४५ अंशांत तिरका घेत. कारण नुसत्या डोळ्याला एरवी काही दिसत नसे. पण तिरक्या कापाने डेंटिनमधल्या (दाताच्या आतल्या कठीण थरातल्या) सूक्ष्म नलिका उघड्या पडत आणि आतल्या बाजूची नळी नजरेतून सुटे. १९९० च्या सुमारास अल्ट्रासॉनिक टिप (ध्वनिलहरींच्या कंपनाने कोरणारे बारीक टोक) आली, पुढे मायक्रोस्कोपची जोड मिळाली आणि काप जवळजवळ आडवा झाला. कापलेल्या पृष्ठभागावर मेथिलीन ब्लू हा रंग लावला, की चीर किंवा राहून गेलेला फाटा निळ्या रेघेने उमटतो. मग मुळाच्या रेषेतच ३ मिमी खोल खाच करतात. हाडाच्या खळग्यातले रक्त त्याआधी एड्रेनलिनच्या बोळ्याने थांबवलेले असले पाहिजे. सारी मेहनत इथे ठरते.

भरायला अनेक दशके अमलगम (पारा आणि चांदीचे मिश्रण) वापरले गेले. ते गंजते, कडेने झिरपू देते आणि हिरडीवर करडा डाग सोडते. झिंक ऑक्साइड-युजेनॉलवर आधारित आयआरएम आणि सुपर ईबीए ही सिमेंटे त्याहून सरस ठरली. १९९३ मध्ये लोमा लिंडा विद्यापीठातील महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट) पुढे आणले. हे चंद्रपूरकडे बनणाऱ्या पोर्टलंड सिमेंटच्याच कुळातले, त्यात क्ष-किरणांत दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड. ओल त्याला बाधत नाही, उलट घट्ट व्हायला लागतेच, आणि त्याला लागून नवे सिमेंटम, म्हणजे मुळावरचे आवरण, तयार होते. मात्र कालवलेले एमटीए ओल्या वाळूसारखे चमच्यावरून सांडते आणि घट्ट व्हायला पावणेतीन तास घेते, म्हणून भरल्यावर जखम जोराने धुता येत नाही. बायोडेंटिन हे नंतरचे द्रव्य सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते. तयार मिळणारी बायोसिरॅमिक पुट्टी गोळी वळून दाबता येते.

तरीही द्रव्यापेक्षा तंत्राचे श्रेय मोठे. २००३ च्या एका चाचणीत दोन वर्षांनी एमटीएचे यश ९२ टक्के, आयआरएमचे ८७. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता. २०१० च्या एकत्रित विश्लेषणात मात्र जुन्या पद्धतीचे यश ५९ टक्के, तर मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक टिप आणि नवी द्रव्ये वापरणाऱ्या पद्धतीचे ९४ टक्के निघाले.

नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातले शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. इथल्या रुग्णाला टाके घातल्यावर एक गोष्ट बजावून सांगावी लागते: खर्रा बंद. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना ताज्या जखमेवर घासतात आणि तंबाखूने जखम भरणे लांबते. टाके तीन-चार दिवसांत निघतात. हाड भरले की नाही हे मात्र वर्षभरानंतरच्या एक्स-रेमध्येच नीट कळते, आणि बरे वाटू लागलेला रुग्ण त्यासाठी सहसा परत येत नाही.