रोल बार : सीटमागच्या पाईपची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात ओळखीतला एक पोरगा जुनी हॅचबॅक घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत आला. कोइमतूरला ट्रॅकवर गाडी पळवायची म्हणून मागची सीट काढलेली, आणि डिकीत चकचकीत स्टेनलेस पाईपची एक कमान, ऑनलाइन मागवलेली. हाच रोल बार, गाडी उलटली तर डोकं वाचवायला सीटमागं बसवतात तो. फॅब्रिकेशनवाल्या काकांनी ती हातात घेतली, टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "हे जिन्याच्या रेलिंगचं पाईप हाय की रे. गाडी उलटली तर तुझ्या डोक्याआधी हेच बसतंय बघ." पोरगा नाराज झाला, पण ही कमान गाडीत आली कशी हे त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर त्यानं ती विकतच घेतली नसती असं मला वाटलं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीच्या रेसिंगमध्ये बेल्टच नव्हते. ड्रायव्हर लोकांची पक्की समजूत होती की गाडी पलटी झाली की बाहेर फेकलं गेलेलं बरं, कारण टाकी शेजारीच, आत अडकून जळण्यापेक्षा हाडं मोडलेली परवडली. आणि उघड्या गाडीत ते चूकही नव्हतं, कारण बेल्ट बांधून उलटा झालात तर गाडीचा सगळ्यात उंच भाग म्हणजे तुमचं डोकं. म्हणजे बेल्टला अर्थ यायचा असेल तर आधी डोक्याच्या वर काहीतरी मजबूत पाहिजे, आणि ते असून बेल्ट नसेल तर माणूस त्याच्यावरच आदळणार. उघड्या गाडीत बेल्ट आणि रोल बार ही जोडी आहे, उलटल्यावर एकटा कुणीच कामाचा नाही.

महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड कापून पळवायची, तसल्या गाड्यांत सीटमागं वाकवलेला पाईप दिसायला लागला. पण मोठ्या शर्यतींना जाग यायला एक मरण लागलं. १९५८ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पहिल्याच लॅपला पंधराएक गाड्या एकमेकांवर आदळल्या, पॅट ओकॉनरची गाडी दुसऱ्या गाडीवरून उडून उलटी पडली आणि तो गेला. पुढच्या वर्षी, १९५९ ला, तिथं रोल बार सक्तीचा झाला.

१९५९ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच साली व्होल्वोनं निल्स बोहलिनचा तीन पॉइंटचा बेल्ट गाड्यांत द्यायला सुरुवात केली, आणि त्याच साली स्वीडननं नवीन ट्रॅक्टरला उलटल्यावर ड्रायव्हरला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला. ट्रॅक्टरकडं शेवटी येतो.

फॉर्म्युला वनमध्ये रोल बार १९६१ ला आला. पण तो डोक्यापेक्षा उंच असला पाहिजे हा मुद्दा नियमात यायला अजून काही वर्षं गेली, आणि सहा पॉइंटचा बेल्ट तर १९७२ ला. रस्त्यावरच्या गाड्यांत बघायचं तर पोर्शची टार्गा, १९६५ ला फ्रँकफर्टला दाखवलेली, अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल ह्या भीतीपोटी तिच्या डोक्यामागं कायमचा रुंद रोल बार दिला. पुढं हौशी लोक छोट्या उघड्या गाड्या ट्रॅकवर न्यायला लागले तेव्हा झाडूच्या काठीची टेस्ट आली : पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून रोल बारच्या माथ्यापर्यंत सरळ काठी आडवी ठेवायची, हेल्मेट घालून बसलेल्याचं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे, बऱ्याच ठिकाणी दोन इंच खाली.

आता पाईपचं. एफआयए म्हणजे मोटार शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या नियमात मेन कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंडच ओढून केलेलं बिनजोड, कार्बन स्टील लागतं, ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, नाहीतर ५० आणि दोन. बेंड थंडाच मारायचा, वाळू भरून तापवून नाही, आणि बेंडची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या तिप्पट तरी पाहिजे, नाहीतर पाईप तिथं चपटा होतो आणि उलटल्यावर नेमका तिथंच मोडतो. खाली पत्र्याला नुसता बोल्ट मारून चालत नाही, गाडीचा फ्लोअर म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, पाईप त्यातनं सुईगत आरपार जातो. म्हणून ३ मिलिमीटरची, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट आणि किमान तीन बोल्ट, एम ८ म्हणजे ८ मिलिमीटरचे, ग्रेड ८.८ म्हणजे जादा ताकदीचे. त्या पोराच्या कमानीबरोबर आलेले चार वॉशर बघून काका गप्पच बसले होते. सीमलेस ट्यूब हा शब्द उद्यमबागेत कुणाला नवीन नाही, हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या गावात तो नवा कसा असेल, पण मागणारा रेलिंगच मागत असेल तर दुकानदार काय करणार.

आणि नियम पाळूनही पाईप हरतो. २०२२ ला सिल्व्हरस्टोनला झोऊ ग्वानयूची अल्फा रोमिओ उलटून घसरत गेली, डोक्यामागचा रोल हूप, म्हणजे तिथला रोल बारच, तुटला, हेलो म्हणजे डोक्याभोवतीची कडी होती म्हणून माणूस वाचला. पुढच्याच वर्षी हूपच्या टेस्ट कडक केल्या.

आपल्या देशात रेसिंग मद्रासकडं वाढलं, शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर. आपल्या सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची धावपट्टीही १९४२ ची, पण तिकडं शर्यतीचा नाद लागला आणि आपण बैलांच्या शर्यतीत रमलो. नंतर मद्रासजवळच इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, कोइमतूरला रेसर करिवर्धन यांच्या नावाचा झाला. म्हणून इकडच्या पोराला ट्रॅक म्हटलं की दिवसभराचा प्रवास, आणि बहुतेकजण तीच गाडी चालवत नेतात, तीच घेऊन घरी येतात. इथं मला खरंच काळजी वाटते. ट्रॅकवर हेल्मेट असतं, पण घरी येताना तवंदी घाटात नसतं, आणि साध्या टक्करीतही उघडं डोकं मागच्या स्टीलवर आपटलं तर रोल बारच जीव घेतो. दाट पॅडिंग वेगळं मिळतं, एसीच्या पाईपवरचा फोम म्हणजे पॅडिंग नव्हे. मागं पोरंबाळं बसणार असतील तर लावूच नका. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत बदल करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

ट्रॅक्टरचं राहिलं. जॉन डियरनं १९६६ ला ट्रॅक्टरची कमान बाजारात आणली आणि तिचं पेटंट बाकीच्या कंपन्यांना फुकट वापरू दिलं, ही गोष्ट मला ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोठी वाटते. आणि आपल्या भागात बघा, चिकोडी, हुक्केरी, अथणीकडं सीझनला दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर, बांधावरनं चाक घसरलं की पलटी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं काय, तर उन्हाचं छप्पर. ट्रॅकवर जाणारी पोरं आपल्याकडं बोटावर मोजण्याइतकी, ट्रॅक्टर प्रत्येक गल्लीत.

काकांना मी विचारलं, ट्रॅक्टरला कुणी कमान बसवून मागतंय का. म्हणाले, "वीस वर्षांत एकजण आला नाही. आला तर मी करून देणार नाही, कंपनीचीच घे म्हणून सांगणार, ती टेस्ट केलेली असत्या. बसवून मात्र देतो, मजुरी नको."