बेरीज बरोबर, निकाल मात्र भलताच

१ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी, आणि रत्नागिरी तर त्यांचं जन्मगाव, त्यामुळे जुलै संपत आला की आपल्याकडे मंडणगडापासून बांद्यापर्यंत शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा लागतात. आणि स्पर्धा झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं. यंदा एका ग्रुपवर एक पालक गुणपत्रिकेचा फोटो टाकून विचारत होते, “असो कसो निकाल लागलो?” दोन परीक्षकांनी जिला पहिलं ठेवलं ती मुलगी निकालात तिसरी! मग लगेच सेटिंग, वशिला, कोण कुणाचा भाचा वगैरे सुरू झालं. त्या गावचं मला माहीत नाही, पण कुणीही लबाडी न करता, सगळे परीक्षक प्रामाणिक असताना, बेरीजसुद्धा तीनदा तपासलेली असताना हे होऊ शकतं, आणि कसं होतं ते बघण्यासारखं आहे.

समजा तीन पोरं आहेत, राधा, केतन आणि सलमा, आणि तीन परीक्षक, प्रत्येकाकडे १०० गुण. पहिले परीक्षक जुने मास्तर, हात आखडता, राधाला ७४, केतनला ७३, सलमाला ७२. दुसऱ्या बाईंचं तसंच, ७५, ७४, ७३. तिसरे पाहुणे मोकळ्या हाताचे, आवडलं तर डोक्यावर घेणार नाही आवडलं तर आपटणार, त्यांनी राधाला ६०, केतनला ७५ आणि सलमाला थेट ९०. आता बेरीज करा. राधा २०९, केतन २२२, सलमा २३५. म्हणजे दोघांनी पहिली ठरवलेली राधा शेवटी आणि दोघांनी शेवटी ठेवलेली सलमा ढाल घेऊन घरी.

कागदावर तिघांचं वजन सारखं होतं ना? ३०० पैकी शंभर शंभर शंभर. पण बेरजेत कुणाचं किती चालणार हे गुण कितीपैकी आहेत त्यावर ठरतच नाही, ते ठरतं कोण गुण किती पसरवून देतो त्यावर. भजनात एकाने पखवाज बडवायला घेतला की बाकीच्यांचे टाळ वाजत असूनही ऐकू येत नाहीत, तसं. पहिल्या दोघांनी मिळून राधाला सलमाच्या पुढे ठेवलं ते ४ गुणांनी, तिसऱ्याने एका फटक्यात सलमाला ३० गुणांनी पुढे नेलं.

हे नीट मोजताही येतं आणि इथे मला राहवत नाही, तेव्हा थोडं सहन करा. अंतिम बेरजांची सरासरी २२२. तिच्यापासून राधा १३ ने खाली, सलमा १३ ने वर, केतन बरोबर मध्ये. या फरकांचे वर्ग करून सरासरी काढली की येतो बेरजेचा व्हेरिअन्स, साधारण ११२.७, म्हणजे पोरांमध्ये एकूण किती फरक पडला त्याचं माप. आता या मापात प्रत्येक परीक्षकाचा वाटा किती ते बघायचं, त्यासाठी त्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनचे फरक आणि बेरजेतले फरक यांचे गुणाकार करून त्यांची सरासरी काढायची. तिसऱ्याचं येतं १३०, पहिल्या दोघांचं प्रत्येकी उणे ८.७ च्या आसपास. टक्क्यांत बोलायचं तर तिसऱ्या परीक्षकाचा वाटा जवळपास ११५ टक्के, आणि उरलेल्या दोघांचा प्रत्येकी उणे पावणेआठ टक्के! शंभराच्या वर वाटा आणि उणे वाटा हे ऐकायला विचित्र वाटतं पण अर्थ सरळ आहे, निकाल एकट्याने ठरवला आणि बाकीचे दोघे उलट्या दिशेला ओढत राहिले, जोर पुरला नाही.

उपाय? प्रत्येकाचे गुण त्याच्याच मापाने मोजायचे. परीक्षकाच्या गुणांतून त्याची सरासरी वजा करा आणि जे उरेल त्याला त्याच्या प्रमाण विचलनाने (त्याच्या गुणांच्या व्हेरिअन्सचं वर्गमूळ, म्हणजे त्याचे गुण साधारण किती पसरलेत ते) भागा. पहिल्या मास्तरांचं प्रमाण विचलन ०.८२, म्हणून त्यांचा १ गुणाचा फरक होतो १.२२. तिसऱ्यांचं १२.२५, त्यांचा १५ गुणांचा फरकसुद्धा होतो १.२२. आता बेरीज केली तर राधा अधिक १.२२, केतन शून्य, सलमा उणे १.२२. निकाल पूर्ण उलटा. एक्सेलमध्ये यासाठी स्टँडर्डाइझ नावाचं तयार फंक्शन आहे, निकाल लावणाऱ्या सरांना पाच मिनिटांचं काम.

पण हे रामबाण नाही हां. तीन पोरांवर हे करणं म्हणजे खरं तर गंमतच, वीस पंचवीस स्पर्धक असतील तर अर्थ आहे. शिवाय मास्तरांचा तो १ गुणाचा फरक खरोखर विचार करून दिलेला होता की हात चुकला, हे गणिताला कळत नाही, ते दोन्ही सारखंच फुगवतं. आणि एखाद्याने सगळ्यांना ७० च दिले तर प्रमाण विचलन शून्य, भागाकारच होत नाही (असले परीक्षक आहेत!). मग काही ठिकाणी गुणांऐवजी नंबर धरतात, त्यात पसरण्याचा घोळ मिटतो पण सलमा खरंच थोडी नाही, खूप पुढे असेल तर तेही पुसलं जातं. फिगर स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधल्या वादानंतर पद्धतच बदलली, आता तिथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण सोडून उरलेल्यांची सरासरी घेतात. आपल्या उदाहरणात असं केलं तर प्रत्येकाचा मधला गुण उरतो, राधा ७४, केतन ७४, सलमा ७३. म्हणजे टाय. तिथे परीक्षक नऊ असतात म्हणून जमतं, आपल्याकडे तिसरा परीक्षक आला तरी मिळवली.

गुणपत्रिकेतल्या रकान्यांचं पण एक सांगतो. विषयाची मांडणी २०, उच्चार २०, हावभाव २० असे पाच रकाने पाडले की आपल्याला वाटतं पाच वेगळ्या गोष्टी मोजल्या. लोकमान्य गेले त्याच १९२० साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण देतात तेव्हा ते सगळे संशयास्पदरीत्या एकमेकांसारखे येतात. एका गोष्टीचं चांगलं मत बाकीच्यांवर सांडतं. याला हेलो इफेक्ट म्हणतात. आपल्याकडे उच्चारांवरून हे फार होतं, घरी मालवणी बोलणाऱ्या पोराचा हेल ऐकला की मुद्द्यांचे गुणही आपोआप कापले जातात, मुद्दे कितीही दमदार असोत. म्हणून निदान उच्चाराचा रकाना सगळ्यात शेवटी भरावा.

आणि बोलण्याचा ५५ टक्के परिणाम शब्दांचा नसून बॉडी लँग्वेजचा असतो असं सांगणारा तो “५५ टक्के बॉडी लँग्वेज” वाला मेसेज कृपया परीक्षकांना पाठवू नका. ते आकडे मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेत, तिथे सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरात आणि चेहऱ्यांसोबत दाखवून बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही एवढंच विचारलं होतं. टिळकांवरच्या पाच मिनिटांच्या भाषणाशी त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यात आधी बोलायची चिठ्ठी निघाली की पोरं रडकुंडीला येतात, आया देवाला गाऱ्हाणं घालून नारळ बोलतात. ग्रहांचा काही संबंध नाही, पण भीती अगदीच खोटीही नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा १९९६ मध्ये अभ्यास झाला, तिथे क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरतो, तरी पहिल्या दिवशी वाजवणारे वरच्या नंबरात कमी येतात असं दिसलं. एक कारण साधं असू शकतं, पुढे कोण येतंय माहीत नसल्याने परीक्षक हात राखून ठेवतो. नारळाच्या पैशात पेन्सिली घ्या आणि परीक्षकांना द्या, पहिले चार पाच कच्चे लिहायचे आणि नंतर परत बघायचे.

राहिलं परीक्षकांचं मनोगत. “सर्वांनीच छान प्रयत्न केला, सहभाग महत्त्वाचा.” याने कुणाचं काय सुधारणार? क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले तर एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळा अभिप्रायाने कामगिरी उलट घसरली होती, विशेषतः लक्ष कामावरून उठून माणसावर गेलं की. तू हुशार आहेस किंवा तुझ्यात आत्मविश्वास नाही, हे दोन्ही त्यातलेच. “दुसऱ्या मुद्द्याला उदाहरण नव्हतं” किंवा “घंटा झाल्यावर शेवट गुंडाळलास, शेवटची चार वाक्यं आधीच ठरवून ये” असं सांगितलं तर पोराच्या हातात काहीतरी पडतं.

हे प्रत्येकाला एका चिठ्ठीवर लिहून द्यावं, आणि बेरजा चालू असतानाच द्यावं. कारण निकाल लांबतो, पाहुण्यांची भाषणं त्याहून लांबतात, आणि आडगावची पोरं वस्तीची एसटी पकडायला मनोगत सुरू व्हायच्या आधीच निघून गेलेली असतात.